फ्रिगेटला सलाम

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला युद्धनौकांचं भारी वेड. समुद्र मात्र त्यानं अजून पाहिलेला नाही. हे मी त्याला ऐकवत नाही, कारण त्या वेळी वस्तरा माझ्या गळ्यावर असतो.

“विमानवाहू नौका म्हंजे नुसती मिरवायला,” परवा तो दाढी करता करता म्हणाला. “खरी राबती ती फ्रिगेट. पाणबुडी हुडकायची तिनं, विमान पाडायचं तिनं, वर त्या थोरलीची राखण बी तिनंच करायची. घरातली सूनच की! आपला तिला सलाम हाय.”

मागच्या दारातून त्याची बायको कडाडली, “अवो, सलाम मागनं ठोका! पाच दिसांनी नळ आलाय. फ्रिगेटनं एकटीनं किती घागरी भरायच्या?”

माझी अर्धी दाढी तशीच टाकून विमानवाहू नौका मुकाट्यानं घागरी उचलायला गेली.