सहादूच्या अंगातला सदरा

आमच्या ह्यांना, भिमाजींना, नाशिकच्या फुलबाजारात सगळे सरळ माणूस म्हणून ओळखतात. आयुष्यभर मळ्यातला झेंडू अन् शेवंती सायकलवर लादून आणली, कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत, परक्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही. हे मीच सगळ्यांना तोऱ्यात सांगत आले.

मग ह्यांच्या पंचाहत्तरीला आमच्या हर्षलनं तो फोटो आणला. मोबाइलवर कुठूनसा मिळालेला जुना फोटो, मोठा करून, फ्रेम करून. रंगपंचमीची गर्दी, मधोमध पेठेतली रहाड. रहाड म्हणजे रंगाचा हौद. वर्षभर बुजवलेला असतो, त्या एका दिवशी उघडतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी. बाहेर निघालेला प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा. त्यात फोटो काळा-पांढरा. सख्खा भाऊ ओळखू येत नाही.

पण मी ह्यांना ओळखलं, सदऱ्याच्या खांद्यावरच्या चौकड्याच्या ठिगळावरून. ते मीच लावलं होतं, बाळंतपणाला सटाण्याला माहेरी जायच्या आधी. आणि सगळी गर्दी रहाडीकडे बघत असताना हे साहेब माडीकडे बघून हसत होते. माडीच्या कठड्याला लंका. पुढं ती ह्यांच्या मित्राची, सहादूची बायको झाली. अजून दर सणाला आमच्याकडे फुलं न्यायला येते, हक्कानं चहा मागते.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिकडं हर्षलच्या वेळी पाय सुजून बेजार, आणि इकडं हे चाललेलं. त्या आठवड्यात लंकाबाई आली तर तिला शिळी शेवंती बांधून दिली, चहात साखर घातली नाही. एवढी म्हातारी झाली, तरी नाक मेलं अजून चाफेकळी. ह्यांच्याशी तर बोलणंच बंद. ताट वाढायचं आणि आदळायचं.

शेवटी ह्यांनीच विचारलं, "अगं, झालंय काय तुला?"

मी त्यांना दंडाला धरून फोटोसमोर उभं केलं. "हे कोण? आणि कुणाकडं बघताय?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि हसले. "येडी का काय, तो सहादू हाय. त्याचा सदरा पहिल्याच धप्प्याला फाटला, मग मी माझा दिला. मी हा बघ मागं, उघडाबंब."

मला इतकं हलकं वाटलं की लंकाबाईला परत बोलवून गोड चहा पाजायचं मी मनात ठरवूनही टाकलं. पण हे काही फोटोसमोरून हलेनात. बोट सहादूवरच.

"सदरा माझा," ते हळूच म्हणाले, "अन् ती बघती त्याच्याकडं. मी बी तिथंच होतो, लय वेळ. माझ्याकडं एकदा सुदिक पाहिलं नाय तिनं."

सहादूला जाऊन वर्षं झाली, तरी ह्यांच्या आवाजात त्याचा हेवा होता. तो मला लगेच कळला, कारण आठवडाभर माझाही आवाज तसाच होता.

मी त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला.

"सदरा तुमचा असेल," मी म्हणाले, "ठिगळ माझं आहे."