लाउरी आणि उघडी पडलेली कबर

हाफोद लास नावाच्या मळ्यावरची लाउरी मुळातच कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. नवरा गेल्यावर मेंढ्या विकून खाली गावात राहायला ये, म्हणून बहिणीनं किती विनवलं. हिनं कानाआड केलं. त्यामुळे डोंगरमाथ्यावरच्या कार्नेडपायी ती सरकारशी भांडायला निघाली, तेव्हा गावाला नवल वाटलं नाही.

कार्नेड म्हणजे दगडांची मोठी रास, तिच्याखाली हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी पुरलेलं. माथ्यावर वारा असा, की उभा माणूस कलतो. म्हणून शहरातून फिरायला येणाऱ्यांनी राशीतलेच दगड उपसून आडोशाची भिंत रचली आणि तिच्याआड बसून सँडविचं खाल्ली. उपसता उपसता कबरीवरची फरशी उघडी पडली. ते बघून लाउरीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेंढ्या बघायला वर गेली, की ती भिंतीतले दगड काढून फरशीवर रचू लागली. रविवारी पाहुणे पुन्हा भिंत बांधत.

आता गंमत बघा. पुरातन जागेचा दगड हलवणं हा गुन्हा. भिंत बांधणारे येऊन निघून जात, ते कुणाला सापडेनात. सापडली लाउरी, कारण ती दिवसाढवळ्या, चारचौघांदेखत हे करत होती. भिंत बांधणाऱ्यांतल्याच एकानं तिची तक्रार केली.

समज द्यायला आला एमिर, शेजारच्या मळ्यातला. याच लाउरीच्या हातचा केक खाऊन वाढलेला, आता सरकारी नोकर. धापा टाकत वर पोचला आणि तिची नजर चुकवत म्हणाला, "काकू, तज्ज्ञ येऊन नीट लावतील. तोवर हात लावणार नाही एवढं म्हणा. मी मिटवतो."

"कधी येणार तुझे तज्ज्ञ?"

"पुढच्या वर्षी. बहुतेक."

"तुझी आजी गेली, तेव्हा तिच्या तोंडावरचं पांघरूण वर्षभर काढून ठेवलं असतंस?"

नाइलाजानं एमिरनं कोर्टाचं सांगितलं, दंडाचंही सांगितलं. लाउरी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती. तरी ती वाकली, भिंतीतला एक दगड दोन्ही हातांनी उपसला आणि त्याच्यासमोर फरशीवर ठेवला.

"लिही," ती म्हणाली. "लाउरीनं माझ्यादेखत ठेवला म्हणून लिही. तुझं लिहून होईतो मी दुसरा आणते."