महानंदाचा तीळ

मल्लाप्पांनी मेडिकलच्या ॲडमिशनचा फॉर्म माझ्या काउंटरवर आपटला. त्याला एक शिक्का मारलेली चिठ्ठी टाचली होती : ‘फोटो उमेदवाराचा नाही.’

फोटो मीच काढलेला. उमेदवार, म्हणजे त्यांची मुलगी महानंदा, मागे उभी होती.

“पाच वाजता खिडकी बंद. आज शेवटचा दिस हाय,” मल्लाप्पा म्हणाले. “पोरीनं वरीसभर डोळे फोडून मार्क आणले, आन तुमी घात केला की वो!”

तेव्हा दोन वाजले होते.

सत्तरच्या दशकात सोलापुरात माझा छोटा स्टुडिओ होता. मल्लाप्पा जवळच्या कुंभारी गावचे. आठवड्यापूर्वी सहा कॉप्या सांगून गेले होते. तीन कॉलेजला, तीन लग्नाच्या स्थळांना. जाताना कानाशी येऊन म्हणाले, “जरा चांगला करा.” आमच्या धंद्यात याचा अर्थ रिटचिंग. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळा तीळ पांढरा दिसतो. त्यावर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली की तीळ कागदावर उमटत नाही. या कामात माझा हात धरणारा गावात कोणी नाही, असं मी तरी समजत होतो. महानंदाच्या डाव्या गालावरचा ठसठशीत तीळ मी साफ उडवला. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही पुसली.

आणि फॉर्मवर ‘ओळखीची खूण’ म्हणून तिनं लिहिलं होतं : डाव्या गालावर मोठा तीळ.

खरं सांगतो, आधी मला अभिमानच वाटला. मग पोरीचा चेहरा पाहिला आणि लाज वाटली. ती रडत नव्हती, नुसती घड्याळाकडे बघत होती.

“दुसरा फोटू काढा की,” मल्लाप्पा म्हणाले.

“नवी फिल्म धुऊन वाळेपर्यंत पाच वाजतील. त्यापेक्षा तीळ परत आणतो.”

कापसाला टर्पेंटाइन लावून निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. एवढ्या मेहनतीनं केलेलं काम दोन मिनिटांत गेलं. डार्करूममध्ये नवा प्रिंट काढला, धुतला, आणि तिघं टांग्यात बसलो. महानंदानं वाटभर ओला फोटो वाऱ्यावर धरला होता.

खिडकीतल्या क्लार्कनं फोटो पाहिला, मुलगी पाहिली, परत फोटो पाहिला.

“तीळ ठीक आहे. डोळ्यांखाली हे काय?”

“अभ्यास,” महानंदा म्हणाली.

त्यानं चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली, नवा फोटो चिकटवला आणि फॉर्म आत घेतला. पाचला दहा कमी होते. मी पायरीवरच बसलो.

बाहेर येताच मल्लाप्पांनी खिशातून जुन्या फोटोच्या तीन कॉप्या काढल्या. “ह्ये काम झालं. आता ह्ये माळशिरसच्या स्थळाला धाडतो. लई घाई हाय त्यास्नी.”

महानंदानं ती चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली.

“आप्पा, शिक्का बघा. हा फोटू माझा न्हाय म्हणून हापिसानं लिवून दिलंय. परक्या पोरीचा फोटू स्थळाला कसा धाडायचा?”

मल्लाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी टांग्याच्या घोड्याकडे पाहिलं.

“मग तिळाचा धाडतो की,” ते पुटपुटले.

“डॉक्टर झाल्यावर,” ती म्हणाली आणि टांग्यात चढून बसली.

ती डॉक्टर झाली. मग स्वतःच फोटो काढायला आली आणि बसण्याआधी माझी पेन्सिल उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तोवर मीही शहाणा झालो होतो. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचो, फोटो ओळखण्यासाठी हवा की पसंतीसाठी?