पाच किलो चारशे सत्तर ग्रॅम

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, संध्याकाळचे पाच. जवाहरनगरातल्या आमच्या क्वार्टरचा व्हरांडा. हजर: जंगलात पायी जाणारे सहा जण, म्हणजे पाच पुरुष आणि मी, शिवाय चहा देणारे माझे यजमान. ठरलेली रक्कम: तीन हजार सहाशे रुपये. साकोलीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावातला एक माणूस तीन दिवस आमचं सामान कावडीने वाहणार होता. रोजचे बाराशे, भार वीस किलोपर्यंत. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी सहाशे.

"मी सहाशे देणार नाही," मी म्हणाले. "माझी बॅग मी उचलणार."

हा सगळा बेत आखणारे आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. त्यांना सगळे अजून साहेबच म्हणतात. ते हसले. "मॅडम, तुमच्या गुडघ्यानं काय पाप केलं? आम्ही माणसं असून देऊन राहिलो, तुम्ही काहून उचलता?"

"गुडघा माझा आहे ना, साहेब?"

"मग आठ किलोच्या वर गेलं तर नाव कापीन. जंगलात बसून राहिल्या तर तुम्हाला कोण उचलन?"

बाकीचे हसले. मी वहीत आठ किलो लिहून घेतलं आणि विचारलं, "पाण्यासकट की पाण्याशिवाय?" साहेबांनी याचा विचार केला नव्हता. "पाण्याशिवाय," ते म्हणाले. मी पाण्यासकट धरलं. पाणी काही आपल्या पायांनी चालत नाही.

माझं वय एक्कावन्न. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजून देण्याघेण्यात गेली. पण या नकाराचं कारण नोकरी नाही, पैसेही नाहीत. कारण माझे आजोबा.

आजोबांचं गाव लाखांदूरकडचं. गावाच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, हिवाळ्यात पाहुणे शिकारीला येत. बंदुका पाहुण्यांच्या, सामान आमच्या वस्तीच्या डोक्यावर. मजुरी नाही, ती वेठच होती. वडील सांगत, पाहुणे जंगलात तीन दिवसांसाठी काय काय नेत: गाद्या, कंदील, खुर्च्या, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर लोखंडी खाट. ती खाट आजोबांनी दोन दिवस डोक्यावर वाहिली आणि पाहुणा तिच्यावर एकच रात्र झोपला. डुक्कर पडलं की मांस वाड्यावर जाई, जनावर उठवायला हाका घालणाऱ्यांच्या वाट्याला पाय आणि आतडी येत.

पुढे मालगुजारी कागदावरून गेली, सवय गेली नाही. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली त्यानंतरच्या हिवाळ्यात आजोबांना पुन्हा बोलावणं आलं. खाट दारात काढून ठेवलेली होती. आजोबा तिच्यापर्यंत गेले, पाहिलं आणि म्हणाले, "ज्याले झोपाचं हाय, त्यानं उचलावं." आणि घरी आले. त्या वर्षी त्यांना कोणी कामावर घेतलं नाही. ते एक वर्ष घरात कसं काढलं, हे वडील फारसं सांगत नसत. खाटेचं मात्र शंभरदा सांगत.

शिकार आता बंद आहे, आणि ते योग्यच आहे. आता लोक पाऊलखुणा आणि पक्षी पाहायला जातात. पण सामान उचलायला माणूस लागतोच. कोणी रीतसर मजुरी देऊन माणूस लावला तर माझी तक्रार नाही. मला स्वतःला ते करायचं नव्हतं, इतकंच.

त्या शनिवारी रात्रीचं जेवण लवकर आटोपून मी बॅग भरली आणि काट्याला लटकवली. काटा म्हणजे हातात मावणारा, हुकाचा, आकडे दाखवणारा. अकरा किलो सहाशे चाळीस. पाण्याशिवाय.

पुढच्या चार संध्याकाळी मी ती बॅग रोज रिकामी केली आणि रोज भरली. पहिली गेली ती ट्रेकिंगची सॅक. साहेबांनीच आग्रहाने घ्यायला लावली होती. रिकामीच दोन किलोच्या वर. तिच्या जागी मुलीची कॉलेजची बॅग, सातशे वीस ग्रॅम. पट्ट्यांना जुन्या स्वेटरच्या बाह्या शिवून घेतल्या. सोलापुरी चादर आणि ब्लँकेट मिळून तीन किलो होत होते. ते काढून दोन जुन्या सुती साड्या चौघडी करून शिवल्या: नऊशे दहा. खाली टाकायला पिवळ्या ताडपत्रीचा तुकडा, तीनशे दहा. तीन सेलची स्टीलची बॅटरी घरी राहिली, कपाळावर बांधायचा दिवा सत्तर ग्रॅममध्ये आला. भांडं एकच, जर्मनचा छोटा गंज. त्यातच चहा, त्यातच जेवण, त्यातच तोंड धुणं.

गोळ्यांची पूर्ण पट्टी कशाला न्यायची? ब्लडप्रेशरच्या चार कापून घेतल्या, तीन दिवसांच्या तीन आणि एक वर. साबणाचा पाव तुकडा. मग मी टूथब्रशची दांडी कापायला घेतली, तेव्हा यजमान पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "किती वाचले?"

"सहा ग्रॅम."

"मग नखंही कापून जा. केस तर कमी झालेच आहेत."

"तुमच्या पोटाएवढं वजन कमी करायचं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं."

ते हसले, पण थोड्या वेळाने आपला जुना गमछा घेऊन आले. "टॉवेल काढ आणि हा ने. एकशेवीसच्या वर भरणार नाही." काट्यावर एकशेवीसच भरला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना माझा नाद थोडासा लागला आहे.

शिध्याचा प्रश्न वेगळा होता. गटाचा शिधा कावडीत जाणार होता. मी त्यातलं जेवले असते तर माझाच भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेला असता, फक्त भाताच्या रूपाने. म्हणून माझं खाणंही माझ्या पाठीवर. आजोबा वेठीला जाताना स्वतःसाठी काय नेत, ते वडिलांकडून ठाऊक होतं: फडक्यात भाजलेले पोहे, मीठ-मिरची, असला तर गूळ. मी पोहे भाजले, लाखोळीच्या डाळीचं पीठ भाजून मीठ-तिखट लावलं, गूळ आणि शेंगदाणे घेतले. एकूण एक किलो सहाशे पन्नास. चुलीची गरज नाही, गरम पाणी मिळालं तर आनंद, नाहीतर थंड चालेल.

बुधवारी काट्यावर आकडा आला: पाच किलो चारशे सत्तर. दोन लिटर पाण्याच्या कॅनसह साडेसातच्या थोडं वर. काटा स्वतः एकशे दहा ग्रॅमचा होता. तो काढावा असं वाटलं. निघताना साहेब "आठच्या वर दिसते" म्हणाले तर दाखवायला हवा, म्हणून राहू दिला. बॅगेत कामाशिवायची वस्तू तेवढी एकच होती.

शुक्रवारी सकाळी जंगलाच्या कडेच्या त्या गावात साहेबांनी माझी बॅग हातात घेऊन पाहिली, परत दिली आणि बाकीच्यांना म्हणाले, "मॅडम उपाशी राहणार दिसतात." पाचही जणांचं सामान ठरलेल्या माणसाच्या कावडीच्या दोन्ही टोकांना बांधलं जात होतं. त्यात साहेबांची घडीची खुर्चीही होती.

कावडवाला चाळिशीचा, सडपातळ. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, तुमची थैली नाही देत काय?"

"नाही, भाऊ. माझी मीच घेते."

"बरं हाय," तो म्हणाला आणि कावड खांद्यावर घेतली. कावडीचा बांबू चांगलाच वाकला.

पहिला दिवस माझा होता, हे सांगायला मला संकोच नाही. पाचही जण मोकळ्या हातांनी चालत होते आणि दुपारपर्यंत माझ्या मागे होते. पाठीवर साडेसात किलो घेऊन मी वाट दाखवायला सोबत आलेल्या वनरक्षकाच्या मागोमाग चालत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडमला नोकरी लागली वाटते खात्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका तलावाच्या पाळीवर थांबलो. बाकीचे पाण्यावरचे पक्षी पाहायला खाली गेले. कावडवाला सावलीत बसला होता. मी त्याला गूळ-शेंगदाणे दिले आणि सहज विचारलं, "मजुरी रोजची मिळते की शेवटी?"

"शेवटी. तीन हजार."

"तीन? छत्तीसशे ठरले होते ना?"

"आधी छत्तीसशेच होते. मंग साहेबाचा फोन आला, एक थैली कमी झाली, सहाशे कमी होतीन. तुमचीच थैली ना थे?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानेच शेंगदाणे माझ्यापुढे केले.

चार संध्याकाळी मी ग्रॅम मोजले, ब्रशचे सहा ग्रॅम वाचवले, आणि एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. आजोबांचा मान राखायला मी निघाले होते, आणि त्याची किंमत आजोबांचंच काम करणारा माणूस देत होता.

मी पाकिटातून सहाशे काढले. "हे घ्या. माझ्यामुळे कमी झाले."

त्याने नोटांकडे पाहिलंही नाही. "कायचे?"

"तुमचे."

"मी तं तुमची थैली उचलली नाही, बाई. न उचललेल्या भाराची मजुरी कायले घेऊ? मी का मांगून खातो?" मग थोडा हसला. "नाही तं द्या थैली. थैली बी घेतो, सहाशे बी घेतो."

मी बॅगेच्या पट्ट्याला हात लावला आणि काढून घेतला. बॅग दिली तर माझं सगळं बोलणं वाया. नाही दिली तर त्याचे सहाशे गेले. त्याला हे दिसत होतं. "राहू द्या," तो म्हणाला, "तुमाले बी समजते, मले बी समजते."

तिसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर माझा गुडघा बोलायला लागला. खाली दगड, वर दगड. कावडवाला मागून आला, थांबला आणि म्हणाला, "थैली नोका देऊ. पानी तं द्या." मी दोन लिटरची भरलेली कॅन त्याच्या कावडीला अडकवू दिली. दीड तास ती त्याच्याकडे होती. हे मी लपवत नाही. पण ती कॅन अडकवताना मी कावडीची दोरी उचलून पाहिली, आणि स्टोअरमध्ये घालवलेल्या अठ्ठावीस वर्षांना कळलं की हे वीस किलो नाहीत.

उतारावर गाव लागलं, तिथे मोहाच्या झाडाखाली सगळे टेकले. मी माझी कॅन काढून घेतली. साहेबांनी खिशातून नोटा काढल्या. "हे तीन हजार. बघून घे."

"थांबा, साहेब," मी म्हणाले आणि बॅगेतून काटा काढून मोहाच्या खालच्या फांदीला अडकवला.

"आता काय बॅग मोजता मॅडम? मानलं आम्ही तुम्हाला."

"माझी नाही. याची."

कावडवाल्याने एक बाजू सोडून हुकाला लावली. अकरा किलो आठशे पन्नास. दुसरी बाजू बारा किलो चारशे. आकडा मी मोठ्याने वाचला. "चोवीस किलो अडीचशे. शिधा संपल्यानंतरचं वजन आहे हे. बोली वीसची होती, सहा जणांची. निघाले पाच जणांचे चोवीस."

"चार किलोचं काय घेऊन बसल्या?"

"चार किलो अडीचशे. साहेब, कारखान्यात माल एवढा चुकला असता तर तुम्ही सही केली असती काय?"

आमच्यातलाच एक जण खाली मान घालून म्हणाला, "त्यात तुमची खुर्ची हाय, साहेब."

"वीस किलोचे रोज बाराशे," मी म्हणाले, "म्हणजे किलोला साठ. सव्वाचार किलोचे तीन दिवसांचे सातशे पासष्ट वर. एकूण चार हजार तीनशे पासष्ट होतात."

"मॅडम, तुमचे तर यात नाहीतच. तुम्ही कायला भांडता?"

"माझं नाव घेऊन सहाशे कापले, म्हणून भांडते. आणि खुर्चीचं म्हणाल तर, ज्याले बसाचं हाय, त्यानं उचलावं."

मग कावडवालाच बोलला. "साहेब, जास्तीचं मी मांगत नाही. छत्तीसशे ठरले होते. ठरलेलं कमी नोका करू, बस."

मला चार हजार तीनशे पासष्ट हवे होते. अजूनही वाटतं की तेवढे द्यायलाच हवे होते. पण मजुरी त्याची होती आणि शब्दही त्याचा.

साहेबांनी बाकीच्यांकडे हात पसरला. पाच जणांचे प्रत्येकी सातशे वीस. सुट्ट्यासाठी चहाच्या टपरीवर जावं लागलं. मग मी माझं पाकीट काढलं. "दोन लिटर पाणी. दोन किलो, साठच्या दराने एक दिवस. एकशेवीस."

"एक दिवस कुठं, बाई? दीड तास."

"रोज म्हणजे रोज. हे तर उचललं होतं ना?"

"हे उचललं होतं," तो म्हणाला आणि घेतले.

साहेबांनी खुर्ची स्वतः गाडीपर्यंत नेली. त्या कावडवाल्याला मोहाच्या झाडाखाली, सगळ्यांच्या समोर, मोजून मिळाले ते एकूण तीन हजार सातशे वीस रुपये: पाच जणांचे छत्तीसशे, आणि माझे एकशेवीस.