सुंदरबाईची चिमूट

सुंदरबाईशी सकाळी बोलायचं म्हणजे कान तिरपा करावा लागे. तोंडात मशेरी असली की ती ओठ मिटूनच बोलायची. "ऊं... बस की... ठिव तितं." चौसाळ्याजवळच्या त्या वस्तीवर बायका तेवढ्यावरून सगळं समजून घेत, कारण तिच्यासारखी मशेरी कुणाला जमत नव्हती. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, फडक्यातून गाळायचा. धुरानं अर्धी वस्ती खोकायची, आणि खोकत खोकतच डब्या घेऊन यायची.

विमलबाई यायची ती कण्हतच. "पोट साफ व्हईना गं."

"घे चिमूट."

मंगलला पित्त. "घे चिमूट." दुखणं बदलायचं, औषध तेच. ऊसतोडीला गेल्यावर भाकरीला उशीर झाला की भूकसुद्धा ह्याच चिमटीनं मारायची. चाळीस वर्षं सुंदरबाईनं असंच रेटलं होतं.

सून मनिषा मात्र डबीला शिवत नसे. "आत्या, वासानंच मला कसंतरी व्हतंय."

"फडात चल, आपसूक शिवशील," सुंदरबाई म्हणायची.

दसरा झाला. टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार, आणि मनिषाची दाढ दोन दिवसांपासून ठणकत होती. तेव्हापासून पोटात अन्न नाही. तिचा नवरा परमेश्वर म्हणाला, "बीडला नेऊन उपटून आणू का?"

"आन् गाडी तुज्यासाठी थांबंल व्हय रं?"

सुंदरबाईनं डबी उघडली. ह्या खेपेला चिमूट नाही, सुपारीएवढा गोळा केला आणि सुनेच्या गालात दाबला. "थुकायचं न्हाई. रस गीळ. मुळापत्तुर गेला पायजे."

मनिषानं गिळला. जरा वेळानं म्हणाली, "ठणका कमी हाय, आत्या," आणि सुंदरबाईची मान ताठ झाली. मग मनिषाच्या तोंडाला पाणी सुटलं ते थांबेना. कपाळावर गार घाम, हात थरथरायला लागले, आणि ती भडाभडा ओकली.

"पित्त खवळलंय. उपाशी हाय न्हवं," सुंदरबाई म्हणाली. पित्तावर तिच्याकडं एकच औषध होतं. तिनं दुसरा गोळा दिला.

त्यानंतर मनिषा बोललीच नाही. आधी छाती नुसती धडधडत होती, मग हातपाय लुळे पडले, श्वास बारीक झाला. परमेश्वरनं तिला रिक्षात घालून चौसाळ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय बी न्हाई मॅडम, उपाशीच हाय ती," परमेश्वर म्हणाला.

सुंदरबाईला सांगायचं होतं. पण घाबरून तिनं रिक्षातच तोंडात मशेरी टाकली होती, आणि ओठ उघडता येत नव्हते. ती थुंकायला बाहेर गेली. नळाशी उभी राहिली. सांगितलं तर पोरगा काय म्हणंल, वस्ती काय म्हणंल, असा विचार करत ती नको तेवढा वेळ तिथं थांबली. आत आली तेव्हा मनिषाच्या नाकाला नळी होती.

"मशेरी," ती म्हणाली. "म्या दिली. दोनदा."

"तुमच्या अंगाला सवय आहे, आजी. तिच्या नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओकली तेव्हा तिचं अंग विष बाहेर टाकत होतं. तुम्ही आणखी घातलंत."

परमेश्वरनं आईकडं पाहिलं, आणि ते तिला शिवीपेक्षा जड गेलं.

मनिषा वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली. टोळी निघून गेली होती. मुकादमाचा निरोप होता, उद्याच्या गाडीनं या. दाढेचं बीडलाच होईल असं दवाखान्यात सांगितलं होतं, आणि बीडला जायला आता पुन्हा दिवस उरला नव्हता.

संध्याकाळी ठणका परत सुरू झाला. मनिषा भिंतीला गाल दाबून बसली. मग हळूच म्हणाली, "आत्या, डबी कुटं हाय? त्या दिशी ठणका थांबलता बगा. चिमूटच द्या. आता थुकीन मी."

नाही म्हणायला सुंदरबाईचं तोंड मोकळं नव्हतं. तिला आधी उठून बाहेर थुंकायला जावं लागलं. ती परत आली तेव्हा डबी मनिषाच्या हातात होती, आणि झाकण जमिनीवर पडलं होतं.