दुबईत भागवतला पाहून आले

शिरूर कासारहून मी दुबईला निघाले, तेव्हा माझ्या बॅगेतली निम्मी जागा माझी नव्हती. तिथं शेजारच्या सुभद्रानं भरून दिलेल्या खारोड्या (बाजरीचे उन्हात वाळवलेले सांडगे) होत्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिचा मुलगा भागवत तीन वर्षांपासून दुबईत कामाला आहे. माझा जुना विद्यार्थी. गेले पाच-सहा महिने तो फोनवर बोलायचा, पण तोंड दाखवत नव्हता. कॅमेरा बिघडलाय म्हणायचा.

"कॅमेरा काय इतके दिस बिघडतो व्हय, बाई?" सुभद्रा म्हणाली. "पोरगं आजारी हाय, न्हाईतर उपाशी. तुमी डोळ्यानं बघून या. आन दिसंल ते खरं सांगा."

मी तीस वर्षं पालकांना मुलांबद्दल खरं सांगत आले. त्यामुळे गावात मला फारसं कुणी चहाला बोलावत नाही. मी हो म्हटलं.

दुबईत माझी मुलगी मीनल नोकरी करते. एप्रिलमधल्या एका सकाळी ती ऑफिसला गेली आणि मी एकटी शहर पाहायला बाहेर पडले. भागवतनं तीनदा टाळून शेवटी दुपारी एका बागेत भेटायचं कबूल केलं होतं. मीनलनं स्टेशनांची नावं कागदावर लिहून दिली आणि कुणाशी बोलत बसू नकोस असं बजावलं.

बाहेर ऊन आमच्याकडच्याइतकंच होतं, त्यामुळे परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते बसथांब्यावर. काचेची बंद खोली आणि आत थंडगार हवा. पाच मिनिटांत मी पदर अंगभर गुंडाळला. वाळवंटात येऊन थंडी वाजली, हे घरी सांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं.

मेट्रोला चालक नाही. गाडी आपली आपण जाते आणि याचं कुणालाच काही वाटत नाही. मी बायकांच्या डब्यात बसले आणि तिळाचा लाडू तोंडात टाकला. तेवढ्यात शेजारची बाई हळूच म्हणाली, "आंटीजी, यहाँ खाना मना है. जुर्माना लगता है." लाडू गिळता येईना आणि काढताही येईना. पुढची चार स्टेशनं मी तोंड मिटून बसले. मीनलची सूचना तेवढ्यापुरती पाळली गेली.

जगातली सर्वांत उंच इमारत मी खालून पाहिली. मान दुखेपर्यंत पाहिली. फोटोत मात्र तिचा फक्त मधला भाग आला. मग खाडीवर जाऊन अब्रामधून (प्रवासी नेणारी लाकडी होडी) पलीकडे गेले. या सगळ्या काचेच्या शहरात ती होडीच तेवढी ओळखीची वाटली, कारण तिचं इंजिन आमच्याकडच्या जुन्या जीपसारखा आवाज करत होतं.

पलीकडच्या काठावर एका केरळी माणसाची चहाची टपरी होती. तिथं करक (आपला कडक चहाच, जरा गोड) घेतला.

"कहाँ से?" त्यानं विचारलं.

"बीड."

"बॉम्बे?"

"नहीं. बीड."

"बॉम्बे के पास?"

"नहीं."

त्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि चहाबरोबर दोन बिस्किटं फुकट दिली.

बाग हिरवीगार होती. गवताखालून पाण्याच्या काळ्या नळ्या फिरवलेल्या दिसत होत्या. भागवत कुठं दिसेना. मी बाकावर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पोरगं खरंच आजारी असलं तर सुभद्राला जाऊन काय सांगायचं? इतक्यात खजुराच्या झाडामागून आवाज आला, "बाई."

खजुराचं खोड काही बारीक नव्हतं. तरी भागवत त्याच्यामागे मावत नव्हता. दोन्ही बाजूंनी तो बाहेर आला होता.

"ये इकडं," मी म्हटलं.

तो आला आणि पाया पडायला वाकला. ते त्याला एका दमात जमलं नाही.

"तुला काही आजार आहे का?"

"न्हाई, बाई."

"मग कॅमेरा?"

तो खाली बघत राहिला. शाळेतही असाच बघायचा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शहरभरच्या बागांना पाणी सोडायचं त्याचं काम. ते खोलीत बसून, पडद्यावर बटणं दाबून करायचं. दिवसभर खुर्ची, वर खुबूस (आपल्या भाकरीसारखी, पण मऊ मैद्याची) आणि बिर्याणी. तिकडं आईनं माजलगावची एक मुलगी पाहून ठेवली होती आणि त्या लोकांना याचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो दिला होता.

"आईनं मला बघितलं तर ती त्यान्ला सांगणार. तिला लपवता येत न्हाई," तो म्हणाला. "बाई, तुमी सांगा ना, सूज आलीय म्हणून."

"मग ती पुढच्या विमानानं इथं येईल."

हे त्याला पटलं. फोटो काढू देताना म्हणाला, "गळ्यापोतर काढा." मी पूर्ण काढला. खारोड्यांचा डबा मात्र त्यानं तिथंच उघडला. एक खारोडी तोंडात टाकली, डोळे पुसले आणि म्हणाला, "लई तिखट हाय." त्या फारशा तिखट नव्हत्या. मी चाखल्या होत्या, मला ठाऊक आहे.

पंधरा दिवसांनी मी शिरूरला परतले. बॅग खाली ठेवायच्या आधी सुभद्रा दारात होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी तोंड, मग पोट. पोटावर ती बराच वेळ थांबली.

"आमी ऊसतोडीला जायचो तवा हा आजीपाशी ऱ्हायचा," ती म्हणाली. "फोनवर इचारलं की म्हणायचा, जेवलो. परत येऊन बघावं तर बरगड्या मोजून घ्याव्यात. तवापासून त्याचं जेवलो म्हणणं मला खरं वाटत न्हाई."

तिनं पदरानं फोनची काच पुसली. "माजलगावला हाच फोटो धाडा, बाई."

मी पाठवला. दोन दिवसांनी त्या माजलगावच्या मुलीचा मलाच फोन आला. लग्नाचं पुढं बघू म्हणाली, आधी मला त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंय. मी भागवतला तसं कळवलं आणि त्या रात्री त्याचा कॅमेरा सुरू झाला. पुढं काय होईल ते होईल.

गावात लोक विचारतात, दुबईत काय काय बघितलं. मी त्या उंच इमारतीचं वर्णन करते, आणि ते करताना मला नेहमी वाटतं की तिच्या पायथ्याशी मी उगाच इतका वेळ घालवला. त्या वेळात बागेतल्या बाकावर भागवतजवळ आणखी अर्धा तास बसता आलं असतं.