आमचे दाजी, दलाल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचंच उपरणं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याला दोरा बांधत होतो. भाच्यानं सांगितलं, ‘‘मामा, बाबा झोपेतच गेले,’’ आणि मला दुःखाआधी वैताग आला, हे कबूल केलेलं बरं. आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्याशी फोनवर भांडलो होतो आणि शेवटी म्हणालो होतो, ‘‘तुमचं उपरणं मी कुरिअरनं पाठवतो.’’ जवळजवळ पन्नास वर्षांच्या नात्यातलं माझं शेवटचं वाक्य हे. एरवी या माणसानं कुणाचंही बोलणं उत्तर दिल्यावाचून सोडलं नाही. नेमकं या वेळी सोडलं...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मार्केट यार्डात गुळाचे दलाल. मांजरी गावात आमचं गुऱ्हाळ होतं आणि वडिलांच्या ढेपा दाजीच विकून देत. वडील गावभर दलालांच्या नावानं बोटं मोडायचे आणि लेक मात्र दलालाच्याच घरी दिली. कुणी विचारलं की म्हणायचे, ‘‘ह्यो दोन्हीकडं एकच भाव सांगतो.’’ गुळाचा बाजार जुन्या पेठेत भरायचा तेव्हाची पद्धत दाजींनी मला एकदा दाखवली होती. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे भोवतीच्या चारचौघांना कळत नाही. पुढे बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, उघड बोली सुरू झाली, पण दाजींच्या खांद्यावरचं उपरणं काही उतरलं नाही.

मी शाळेत मराठी शिकवायचो. दलाल हा शब्द मला घरात नको वाटायचा. मोर्चात ती शिवी, सिनेमात दलाल म्हणजे पान चघळणारा लफंगा, आणि कुणी नको त्या कामात पडून बदनाम झालं की आपणच म्हणतो, कोळशाच्या दलालीत हात काळे. हल्ली फ्लॅट दाखवत हिंडणारी मुलंसुद्धा स्वतःला कन्सल्टंट म्हणवतात. म्हणून शाळेतल्या मंडळींशी ओळख करून देताना मी म्हणायचो, ‘‘हे आमचे मेहुणे, गुळाचे व्यापारी.’’ दाजी तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, ‘‘व्यापारी न्हवं, दलाल. माल माझा नसतो.’’ दहा वेळा समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा चिडून मी शब्दकोश घेऊनच बसलो. म्हटलं, मूळ अर्थच काहीतरी ओंगळ निघेल आणि यांचं तोंड बंद होईल. निघालं भलतंच. शब्द अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला, आणि मुळात अर्थ दाखवून देणारा, वाट दाखवणारा. मला ते लपवता आलं असतं. पण मास्तरकीची खोड... वाचून दाखवलं. दाजींनी दोनदा वाचायला लावलं आणि तेव्हापासून माझ्या नाकी नऊ आणले. रिक्षावाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी सभ्यपणे विचारलं, ‘‘आपण काय करता?’’ तर हे म्हणाले, ‘‘दलाल. म्हंजी वाट दाखवणारा. आमच्या मास्तरनी पुस्तकात काढून दिलंय.’’ व्याही माझ्याकडे बघत राहिले. मी पेढ्यांचं तबक उचलून आत गेलो.

हे सगळं एक वेळ परवडलं. पण गेली नऊ वर्षं त्यांनी जे चालवलं होतं त्यानं मी खरंच मेटाकुटीला आलो होतो. मांजरीची जमीन माझ्यात आणि धाकट्या भावात, संपतमध्ये, निम्मी निम्मी झाली. माझी निम्मी मी बिल्डरला दिली आणि धायरीत घर घेतलं. संपत म्हणाला, ‘‘बापाच्या उसात सिमिट पेरलंस.’’ मीही काही कमी बोललो नाही. बोलणं तुटलं ते तुटलंच. माझं धायरीचं घर त्यानं पाहिलेलंसुद्धा नाही.

मग दाजींनी हे काम अंगावर घेतलं. महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचे, चहा घ्यायचे, आणि जाताना उपरणं खुंटीला विसरून जायचे. घरी पोचले की संपतला फोन, ‘‘माझं उपरणं मास्तरकडं ऱ्हायलं, तेवढं घेऊन ये.’’ पुढच्या खेपेला मांजरीला संपतकडे विसरायचे आणि मला फोन. आम्ही दोघंही इतके दूधखुळे नव्हतो. नऊ वर्षांत ना तो आला, ना मी गेलो. दर वेळी म्हातारा स्वतःच दोन बस बदलून परत न्यायला यायचा. वर दाजी आणखी सांगायचे, ‘‘संपत तुमच्या गुडघ्याचं इचारत व्हता.’’ एकदा भाच्याकडून कळलं की संपतनं असलं काही विचारलंच नव्हतं. मी तडकलो, ‘‘दाजी, तुम्ही खोटं बोलता.’’

‘‘गुळाच्या भावात कधी बोललो न्हाई,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘ह्यात बोलतो.’’

अशा माणसाशी भांडणार तरी कसं? त्या शेवटच्या संध्याकाळीही तेच. उपरणं माझ्याकडे होतं, आणि ते म्हणत होते की संपत येईल असं वाटतंय. मी म्हटलं, बास झालं आता, आणि ते कुरिअरचं बोललो.

अंत्यविधीला मी आणि संपत तिरडीच्या दोन बाजूंना होतो. दहाव्यालाही दोन बाजूंनाच. मध्ये उभा राहणारा माणूस नव्हता, त्यामुळे कोण कुणाला काय विचारणार? पुडकं मी सोडलं आणि उपरणं परत खुंटीला लावलं. खांद्यावर येतो तेवढा भाग गुळकट पिवळा पडलाय. बायको म्हणाली धुऊन टाकते. मी तिच्यावर विनाकारण ओरडलो. मला दाजींची फार आठवण येते आणि अजून त्यांचा रागही येतो.

गेल्या रविवारी फोन वाजला. नंबर मांजरीचा.

‘‘अण्णा,’’ संपत म्हणाला. ‘‘दाजींचं उपरणं तुझ्याकडंच हाय न्हवं?’’

‘‘आहे.’’

‘‘त्या सांजंला मला फोन केलता त्यांनी, घेऊन ये म्हणून. मला जमायचं न्हाई म्हणलो मी.’’

मी म्हटलं, ‘‘मी कुरिअरनं पाठवतो म्हणालो होतो.’’

पलीकडे तो रडत होता की नाक ओढत होता, कळलं नाही. माझंही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

‘‘येतो न्यायला,’’ तो म्हणाला. ‘‘पर मला तुझ्या घराची वाट ठाव न्हाई. सांग.’’

सिंहगड रस्त्यानं ये, इथपासून मी सुरुवात केली. तरी पठ्ठ्या दोनदा चुकला, चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी मी चपला घातल्या आणि उपरणं खांद्यावर टाकून कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्याला लांबून दिसेल.